तांबड्या कार्डाचा पिंजरा

मित्रांनो, माझ्या एका बाजूच्या तारा काळ्या पडल्या आहेत. पाहणाऱ्याला वाटतं, गंज चढला असेल. तो गंज नाही. भर दुपारी, चाळीतल्या माणसांच्या देखत, माझ्यावर रॉकेल ओतून मला पेटवलं होतं.

मी एक जुना पिंजरा आहे, उंदरांचा. विक्रोळीच्या टेकडीवरच्या एका चाळीत, सुगंधा परब हिच्या खोलीत, मोरीच्या वरच्या फळीवर माझी जागा आहे. आता माझ्यात कांदे-बटाटे असतात. मला का जाळलं, आणि त्या जाळात खरं होरपळलं कोण, ते तुम्हाला सांगतो.

माझा जन्म कुर्ल्यातल्या एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. जस्त चढवलेल्या तारा, खाली सरकता ट्रे, वर कडीचं झाकण आणि पाण्याची बाटली अडकवायला एक भोक, एवढंच माझं अंग. माझ्यासारखी पुष्कळ भावंडं एकाच टेम्पोत रचली गेली आणि आम्ही घाटकोपरला एका संशोधन संस्थेच्या मागच्या दाराशी उतरलो. ते १९८३ साल होतं. गिरण्यांचा संप होऊन वर्ष उलटलं होतं आणि तो मिटल्याचं कुणी सांगत नव्हतं.

आम्हाला ज्या खोलीत ठेवलं तिला सगळे 'अ‍ॅनिमल हाऊस' म्हणत. भिंतीला लागून लोखंडी घडवंच्या, वर पंखे, आणि भुशाचा, मुताचा, फिनेलचा एकत्र वास. तिथेच मला सुगंधा पहिल्यांदा भेटली. नवरा जयवंत गिरणीतून बाहेर पडला होता, मुलगी नीला दुसरीत होती, म्हणून तिने ही नोकरी धरली होती. ट्रे काढायचे, घासायचे, नवा भुसा पसरायचा, बाटल्या भरायच्या. पहिले काही दिवस ती नाकाला पदर लावून काम करी. मग तिने पदर सोडला आणि ती उंदरांशी बोलू लागली.

खोलीच्या मालकीण म्हणाल तर डॉक्टर उत्तरा. मुलुंडच्या, चाळिशीला आलेल्या, बारीक अंगाच्या. सुगंधा त्यांना नुसतं 'बाई' म्हणे. त्यांच्या हाताखाली नंदकुमार नावाचे तंत्रज्ञ होते. ते दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत आणि फार कमी बोलत.

त्यांचा प्रयोग कुष्ठरोगाच्या लशीचा होता. हे जंतू मोठे हट्टी. काचेच्या बशीत कितीही खाऊ घाला, वाढत नाहीत. पण पांढऱ्या उंदराच्या मागच्या तळपायात टोचले तर तिथल्या गारव्यात हळूहळू वाढतात. इतके हळू, की निकाल पाहायला वर्षभर थांबावं लागतं. उंदीर बाहेरून धडधाकट दिसतो. खातो, पळतो, भांडतो. आत काय चाललंय ते त्यालाही कळत नाही.

उत्तराबाईंना शोधायचं होतं ते लस केव्हा द्यावी हे. त्यासाठी त्यांनी पिंजऱ्यांना रंगीत कार्डं लावली. हिरव्या कार्डाच्या उंदरांना आधी लस टोचली, जंतू नंतर. पिवळ्यांना दोन्ही एकाच दिवशी. पांढऱ्यांना लस नाहीच, नुसते जंतू. आणि तांबड्यांना आधी जंतू टोचून ठेवले, ते पायात चांगले रुजू दिले, आणि मग लस दिली.

माझ्या दाराला तांबडं कार्ड लागलं.

"ह्यांना एवढ्या उशिरा का, बाई?" सुगंधाने माझा ट्रे सरकवता सरकवता विचारलं.

"कारण माणसं अशीच येतात, सुगंधाबाई," उत्तराबाई म्हणाल्या. "रोग अंगात कधी शिरला ते कुणालाच ठाऊक नसतं. दिसायला लागतो तोवर वर्षं गेलेली असतात. तेव्हा लस देऊन काही होतं का, ते कळायला हवं ना."

सुगंधाने मान हलवली. त्या दिवसापासून माझ्यातल्या उंदरांवर तिचा थोडा जास्तच जीव जडला. गोळ्यांचं खाद्य घालताना ती एखादी मूठ वर टाकी आणि म्हणे, "खा रे बाबांनो. तुमच्याच नशिबी उशीर आला."

मित्रांनो, मला त्या कामाचा अभिमान वाटे. बाहेरून पाहुणे येत, बाई त्यांना माझ्यासमोर उभं करून समजावत. कुणीतरी म्हणे, "झकास व्यवस्था आहे हो." मी नुसता तारांचा, पण मलाही वाटे की आपण माणसांच्या उपयोगी पडतोय. उंदरांना काय वाटत होतं, ते मी कधी विचारलं नाही.

मग एका सकाळी सुगंधा कामाला आली ती गप्प. बाटल्या भरताना तिचं पाणी दोनदा सांडलं. बाईंनी विचारलं तेव्हा तिने सांगितलं.

जयवंत साकीनाक्याला प्लास्टिकच्या वस्तू बनवणाऱ्या कारखान्यात लागला होता. तापलेल्या साच्यावर त्याचा तळहात टेकला. बाजूच्या माणसाला जळका वास आला, त्याने ओरडून हात ओढला, तेव्हा जयवंतला समजलं. घरी आला तो हसतच. कारखान्यात पोरांनी त्याचं नाव 'लोखंडी हात' ठेवलं होतं आणि त्याला ते आवडलं होतं.

उत्तराबाईंनी हातातली सुई खाली ठेवली. "अंगावर कुठे चट्टा आहे का त्यांच्या?"

"पाठीवर आहे. फिकट. नीला बालवाडीत जायला लागली तेव्हापासून बघतेय मी. नायटा समजून मलम लावतात."

"तिथे खाजतं का?"

"नाही बाई. तिथं काहीच होत नाही. चिमटा काढला तरी कळत नाही."

सुगंधा अडाणी नव्हती. एवढे दिवस ती त्याच रोगाच्या खोलीत वावरत होती. तिने आपणच विचारलं, "बाई, तुमची लस त्यांना द्याल?"

"ती माणसांसाठी नाही अजून. आणि असती तरी..." बाई थांबल्या. त्यांची नजर माझ्या कार्डावर गेली. सुगंधाचीही गेली.

"म्हणजे ते तांबड्यातले," सुगंधा म्हणाली.

"नाही, असं नाही म्हणायचं. ह्या उंदरांना आपण औषध दिलेलं नाही. माणसासाठी औषध आहे. आता नव्या गोळ्या निघाल्यात, जंतू मरतात त्यांनी. त्यांना उद्याच दवाखान्यात न्या. मी चिठ्ठी देते."

"आणि नीला? ती तर हिरव्यातली असेल अजून. तिला टोचा."

उत्तराबाईंनी नकारार्थी मान हलवली.

"उंदरांना मिळते ती माझ्या मुलीला नाही मिळत?"

"उंदीर मेला तर मला कुणी जाब विचारत नाही, सुगंधाबाई," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "नीलाला आणा. मी तपासते. तेवढं मी करू शकते."

पण सुगंधा नीलाला आणू शकली नाही. जयवंतला तिने हातापाया पडून दवाखान्यात नेलं. रोग तोच निघाला. घरी परतताना त्याने तिला बजावलं, "माझं झालं ते झालं. पोरीला त्या दारात नेलंस तर तिचं लग्न विसर. चाळीत एक शब्द जाता कामा नये." सुगंधाने हे बाईंना सांगितलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "मग मीच येईन तुमच्या घरी. तुमच्या यजमानांशी बोलेन, हवं तर चाळीतल्यांनाही समजावेन." सुगंधाच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जरा तजेला आला.

याच सुमारास प्रयोगाचा शेवट आला. मी तो सविस्तर सांगत नाही. झाकणाच्या बरणीत उंदरांना गुंगवून मारणाऱ्या ईथरचा बोळा असे. सुगंधा माझ्यात हात घालून एकेक उंदीर काढून नंदकुमारांच्या हाती देई. उंदीर तिच्या बोटांना ओळखत होते, म्हणून पळत नसत. पहिल्या दिवशी तिने ते काम केलं आणि बाहेर जाऊन पुन्हा पुन्हा हात धुतले. पुढे ती एकदाच धुवी.

पाय कापून, वाटून, काचपट्टीवर पसरून रंगवत. निळ्या रंगावर लाल काड्या दिसल्या की ते जंतू. नंदकुमार मोजत. पांढऱ्या कार्डाच्या उंदरांच्या पायात जंतू ठासून भरले होते. हिरव्यांच्या पायात शोधून सापडत नव्हते. पिवळ्यांतही थोडेच होते.

"आणि तांबडे?" सुगंधाने दारातून विचारलं.

नंदकुमारांनी डोळा वर केला नाही. "पांढऱ्यांसारखेच. लस दिली काय, न दिली काय."

उत्तराबाईंसाठी तो मोठा निकाल होता. लस चांगली होती, पण वेळेवर दिली तरच. त्यांनी लेख लिहायला घेतला. काही महिन्यांनी होणाऱ्या दिल्लीच्या परिषदेचं बोलावणं आलं. सुगंधाने आठवण करून दिली, "बाई, घरी येणार होता." बाई म्हणाल्या, "एवढी दिल्ली होऊ दे. आले की पहिली तुमच्याकडे येते." त्या मनापासूनच म्हणाल्या होत्या. मी त्यांचा चेहरा पाहिला आहे.

मित्रांनो, माझे दिवसही तिथे संपले. प्लास्टिकचे नवे डबे आले. त्यांना गंज नाही, धुवायला सोपे. आम्हाला मागच्या अंगणात भंगारवाल्यासाठी रचून ठेवलं. कालपर्यंत ज्यांच्यासमोर पाहुणे उभे राहत, त्यांच्यावर कावळे बसू लागले. सुगंधाच्या खोलीत घुशी-उंदरांचा सुळसुळाट होता, कांदे-बटाटे रोज कुरतडले जात. तिने नंदकुमारांना विचारलं, "ह्यातला एक नेऊ?"

"न्या की. वाफेच्या भट्टीत शिजवून काढलेत सगळे. तुमच्या घरातल्या ताटापेक्षा हे स्वच्छ आहेत."

अशी मी विक्रोळी पाहिली. आधी उंदरांना आत कोंडायचो, आता त्यांना बाहेर ठेवू लागलो. नीला माझ्यातून बटाटे काढताना हात घालून म्हणे, "आई, ह्याच्यात उंदीर काय करायचे गं?" सुगंधा म्हणे, "झोपायचे. आणि तुझ्यासारखे भांडायचे."

जयवंतला मी तिथेच पहिल्यांदा नीट पाहिलं. उंच, रुंद खांद्यांचा, हसरा माणूस. गिरणीतल्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचा. महिन्याला एकदा तो दवाखान्यात जाऊन गोळ्या आणी आणि पत्र्याच्या डब्यात, पिठामागे लपवून ठेवी. त्यातली एक तांबूस गोळी अंगाचा रंग बदलते. तीन-चार महिन्यांत त्याचा चेहरा काळपट तांबडा झाला, तव्यासारखा.

"जयवंतभाऊ, किती काळवंडलात हो," शेजारच्या वनमालाने गॅलरीतून विचारलं. "बरं नाही का?"

"भट्टीसमोर काम असतं ना, वैनी," तो म्हणाला.

पुढे त्याला तेच कारखान्यात विचारलं गेलं, मग कोपऱ्यावरच्या न्हाव्याने विचारलं. एके दिवशी सुगंधा कामावर गेल्यावर त्याने डबा काढला, आठवड्याच्या गोळ्या तळहातावर घेतल्या आणि मोरीत टाकून वर तांब्याभर पाणी ओतलं. मी बरोबर मोरीच्या वर होतो. पुढच्या आठवड्यातही त्याने तेच केलं. नंतर तो दवाखान्यात जाईनासाच झाला. सुगंधा विचारी, "घेतल्या का?" तो म्हणे, "घेतल्या." मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

त्याचा चेहरा पुन्हा उजळू लागला. सुगंधाला वाटलं, गुण येतोय.

जे लपवायला त्याने गोळ्या सोडल्या, तेच त्यामुळे बाहेर पडलं. दवाखान्याचा एक माणूस सायकलवरून चाळीत आला. पाणी यायची वेळ होती, नळावर बायका उभ्या होत्या. त्याने सरळ विचारलं, "जयवंत परब कुठे राहतात? तीन महिने झाले, गोळ्या न्यायला आले नाहीत." वनमालाने विचारलं, "कसल्या गोळ्या?" तो माणूस चपापला आणि सायकलकडे वळला. पण त्याच्या पिशवीवर दवाखान्याचं नाव होतं आणि वनमालाला वाचता येत होतं.

दुसऱ्या दिवशी नळावर सुगंधाचा हंडा रांगेबाहेर सरकवलेला होता. नीला शाळेतून आली ती रडत. शेजारच्या पोरीने तिच्यासोबत डबा खायचं सोडलं होतं. दवाखान्याचा माणूस येऊन गेल्याचं कानावर आलं आणि सुगंधाला सगळं उमगलं. तिने आधी पत्र्याचा डबा काढून पाहिला, तो रिकामा होता; मग नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याच दिवशी ती धावत संस्थेत गेली, पण उत्तराबाई दिल्लीला होत्या.

रविवारी दुपारी धाकूमामा आले. चाळीतले सर्वांत वडील, एकेकाळी जयवंतच्याच गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम, होते. जयवंतला गावाहून मुंबईत त्यांनीच आणलं होतं. त्यांच्या मागे आणखी काही पुरुष होते. मामा आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेरूनच बोलले.

"सुगंधा, तू कामाक जातंस थय उंदरांका महारोग टोचतत. खरां मा?"

"खरं आहे, मामा."

"आणि त्येंचो पिंजरो तू घरात हाडलंस."

"मामा, तो वाफेत शिजवलेला आहे. त्याच्यातून काही येत नाही. आणि ह्यांच्या पाठीवरचा चट्टा माझ्या नोकरीच्या कितीतरी आधीचा आहे. हा रोग अंगात वर्षानुवर्षं असतो तेव्हा कुठे दिसतो."

वर्षांचा हिशेब कुणी केला नाही. मामा उंबऱ्यापासून आणखी एक पाऊल मागे सरले. "चाळीत पोरांबाळां आसत," ते म्हणाले. "आमका भय वाटता. हो पिंजरो हय नको."

दोघांनी मला फळीवरून ओढलं. माझ्यातले बटाटे जिन्यावरून घरंगळत गेले. चाळीपुढच्या मोकळ्या जागेत मला ठेवलं, गोणपाट गुंडाळलं आणि रॉकेल ओतलं. मित्रांनो, तार जळत नाही. गोणपाट जळालं, जस्त काळं पडलं, एका कोपऱ्यात ते वितळून थेंब होऊन गोठलं. माणसं गॅलरीत उभी राहून पाहत होती. कुणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही.

जयवंत तेव्हा खोलीतून बाहेर आला. जिना उतरून खाली आला आणि माणसं आपोआप मागे सरली. त्याने धाकूमामांकडे पाहिलं.

"पिंजऱ्याला कशाला जाळता, मामा," तो म्हणाला. "त्याने काय केलंय."

मामांनी मान फिरवली. ज्या माणसाने त्याला शहर दाखवलं, त्याने त्याच्याकडे पाहिलं नाही. जयवंतचा उजवा हात लुंगीच्या घडीत लपलेला होता. करंगळी आणि शेजारचं बोट तेव्हाच वाकायला लागलं होतं.

सोमवारी सकाळी तो डबा न घेता कामाला निघाला. कारखान्यात पोहोचलाच नाही. घरीही परतला नाही.

मला सुगंधानेच उचलून आणलं. त्या रविवारीच, मी थंड झाल्यावर ती सर्वांसमोर खाली उतरली, मला काखेत घेतलं, राखेने घासलं आणि पुन्हा फळीवर ठेवलं. वनमाला म्हणाली, "कशाला गं पुन्हा आणतेस?" सुगंधा म्हणाली, "माझे बटाटे कुठे ठेवू?"

उत्तराबाई त्याच आठवड्यात आल्या. टेकडीचा चढ चढून, घामाघूम होऊन. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जयवंतच्या शर्टाच्या रिकाम्या खुंटीकडे पाहिलं आणि त्या खाली चटईवर बसल्या. दार उघडंच होतं, गॅलरीत माणसं जमली. बाईंनी सुगंधाच्या माठातलं पाणी मागून घेतलं आणि सर्वांच्या देखत प्यायल्या. मग त्यांनी समजावलं. हा रोग पिंजऱ्यातून येत नाही, भांड्यातून, कपड्यातून येत नाही. औषध सुरू केलं की त्या माणसापासून कुणाला धोका राहत नाही. शेकड्यातल्या बहुतेकांना तर तो होतच नाही. त्या चांगलं बोलल्या. धाकूमामा शेवटपर्यंत ऐकत उभे होते.

बोलणं संपल्यावर वनमाला म्हणाली, "बाई, हे तुम्ही आधी येऊन का नाही सांगितलंत?"

उत्तराबाई चष्मा काढून पदराने पुसत राहिल्या.

मग त्यांनी नीलाला जवळ बोलावलं. दार लावून घेतलं. "डोळे मीट," त्या म्हणाल्या. "मी कापूस लावीन. लागला की 'लागला' म्हण."

"लागला," नीला म्हणाली. कपाळावर लागला, गालावर लागला, मनगटावर लागला. बाईंनी तिची बाही वर केली. दंडावर चार आण्याच्या नाण्याएवढा फिकट डाग होता. आईला तो उन्हाचा वाटला होता. बाईंनी त्यावरून कापूस फिरवला. नीला डोळे मिटून वाट पाहत राहिली. बाईंनी पुन्हा फिरवला.

"लावा ना," नीला म्हणाली.

सुगंधाने तोंडात पदराचा बोळा घातला.

"सुगंधाबाई, ऐका," बाई घाईने म्हणाल्या. "हे अगदी सुरुवातीचं आहे. एकच डाग. सहा महिने गोळ्या, बस्स. काही राहणार नाही."

आणि राहिलं नाही, मित्रांनो. सुगंधा रोज नीलाच्या जिभेवर गोळी ठेवी, पाणी पाजी आणि तोंड उघडायला लावून पाही. डाग हळूहळू मावळला. लस काही तिला मिळाली नाही, पण औषध वेळेत मिळालं. तिचं एकही बोट वाकलं नाही.

जयवंतला शोधायला सुगंधा सुट्टीच्या दिवशी निघे. गावी कळवून झालं, तिथे तो नव्हता. देवळांच्या पायऱ्या, दवाखान्यांच्या ओसऱ्या, कुर्ल्याचा पूल, सगळीकडे ती माणसांचे चेहरे न्याहाळत फिरली. नंतर नंतर ती चेहरे पाहीना, हात पाहू लागली. दोन पावसाळे गेले.

शेवटी संस्थेत दूध आणणाऱ्याने सांगितलं की आरे कॉलनीतल्या एका तबेल्यात गवत वाहणारा एक माणूस आहे, पूर्वी गिरणीत होता म्हणे, हात वाकडा आहे. ती बसने गेली. म्हशींच्या मागे, चाऱ्याच्या छपराखाली तो होता. पायाला चिंधी बांधलेली, त्याच्यावर माशा. पायात खिळा घुसून कित्येक दिवस झाले होते आणि त्याला पत्ता नव्हता. तिने घरी येऊन नीलाला सांगितलं ते मी ऐकलं. तो तिला पाहून उठला नाही. एवढंच म्हणाला, "जवळ येऊ नकोस. नीला बरी आहे ना?"

पाय वाचवता आला नाही. अर्धा कापावा लागला. उत्तराबाईंनी सगळी धावपळ केली, इस्पितळात खाट मिळवून दिली, पुन्हा गोळ्या सुरू केल्या. या खेपेस त्याने एकही चुकवली नाही. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की अंगातले जंतू मेले, आता त्याच्यापासून कुणालाही धोका नाही. पण मेलेले मज्जातंतू कुठलीच गोळी परत आणत नाही. बोटं वळली ती वळलीच. पखवाज त्याच्या हातून कायमचा सुटला.

तो घरी आला त्या दिवशी कुणी अडवलं नाही. धाकूमामा तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. वनमालाने तर भाजीची वाटी पाठवली. पण जयवंत आत येईना. उंबऱ्याला टेकून बसला. नीला आता मोठी झाली होती. तिने चहाचा कप आणला. त्याने दोन्ही तळव्यांत धरायचा प्रयत्न केला, चहा सांडला, मग तिनेच कप त्याच्या ओठांना लावला. तो पिताना डोळे मिटून घेत होता.

त्याच संध्याकाळी त्याने सुगंधाला विचारलं, "तुझ्या त्या उंदरांचं काय झालं? ज्यांना आधी लस टोचली होती?"

"हिरव्या कार्डाच्या? त्यांच्या पायात काहीच सापडलं नाही."

"म्हणजे वाचले."

सुगंधा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "नाही हो. त्यांनाही मारलं. मारल्याशिवाय पायात काय आहे ते कसं दिसणार?"

जयवंतने आपल्या वळलेल्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाला, "बिचारे."

मित्रांनो, एवढीच माझी कहाणी आहे. माझ्यात जे राहिले ते सगळे मेले, म्हणून माणसांना काहीतरी कळलं. ते कळलेलं कागदावर छापून आलं, परिषदेत टाळ्या पडल्या. पण कळलेलं टेकडी चढून वेळेत चाळीत पोचलं नाही. जयवंत अजूनही उंबऱ्यातच जेवतो. कुणी सांगितलेलं नाही, तरी तिथेच. नीला आपलं ताट घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसते.

तुमच्या अंगावर न खाजणारा, न दुखणारा डाग दिसला तर लपवू नका. कुणाच्या अंगावर दिसला तर त्याला पाठ दाखवू नका. लस असो, गोळी असो की दिलासा असो, जे द्यायचं ते उद्यावर टाकू नका. आणि ज्याचा हात धरायचा, त्याची बोटं सरळ आहेत तोवर धरा.